हरभऱ्याची आंब

पौषातल्या सकाळी हरभऱ्याच्या वावरात अनवाणी चाललं की पायांची आग होते. हरभऱ्याच्या पानांवर बारीक लव असते. त्या लवेला एक आंबट ओल सुटते आणि रात्रभर पडलेल्या दहिवरात ती मिसळून जाते. टाचांना भेगा असतील तर हे पाणी असं झोंबतं की थंडी विसरायला होतं. आमच्याकडे ह्या पाण्याला आंब म्हणतात. दिवस वर यायच्या आत पांढरं पातळ कापड पिकावरून हलकेच ओढत न्यायचं, भिजून जड झालं की पिळायचं, आणि पिळलेलं पाणी काचेच्या बाटलीत भरून ठेवायचं. ते वर्षभर टिकतं. पोटाच्या साऱ्या तक्रारींवर आमच्या भागातल्या जुन्या माणसांचा पहिला विश्वास आंबेवर असतो, दवाखान्यावर नंतर.

आमच्या घरी हे काम आईचं होतं.

पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात आमचं थोडकं शेत आहे. गावातलं घर वाटणीत गेल्यापासून आई, दादा, म्हणजे माझे वडील, आणि माझा धाकटा भाऊ शेतातच राहायला आले. पत्र्याच्या तीन खोल्या, पुढे सारवलेलं अंगण, बाजूला गोठा, आणि विहिरीपर्यंत जाणारी पायवाट. मी लग्नानंतर जालन्याला मस्तगडात आले आणि तिथल्याच एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कामाला लागले. माझे दिवस कपाटांच्या रांगांमधून गेले. पण थंडी पडली की मी चार दिवस तरी शेतावर जात असे. आई तिकडून फोन करून विचारायची, “कधी येऊन राह्यली? डहाळं भरलं.” डहाळं म्हणजे ओल्या घाट्यांचा हरभरा. तो नुसता निमित्ताला असे.

लहानपणी आई मला आंबेला सोबत न्यायची. खरं तर मी काहीच कामाची नव्हते. कापड एकीकडून धरायला दुसरं माणूस लागतं, एवढंच. ते कापड म्हणजे दादांच्या जुन्या धोतराचा तुकडा. त्याला साबण कधी लागू द्यायची नाही, गरम पाण्यात उकळून वाळत घालायची. वावरात गेलो की ती आधी पिकाकडे उभी राहून बघे. दहिवर नीट पडलंय का, शेंड्यांवर थेंब उभे आहेत का. मग म्हणे, “चल. अन् बोलू नको, हिसका बसतो.” बोलण्याने हिसका कसा बसतो हे मी कधी विचारलं नाही. आम्ही दोघी कापडाची दोन टोकं धरून सरीसरीने जात असू. आमच्या मागे पीक हिरवंगार होत जाई आणि पुढे चांदीसारखं पांढरं असे.

त्या आंबेने माझ्या शाळेच्या परकराचा काठ दर हिवाळ्यात खाल्ला. आधी रंग जाई, मग बारीक भोकं पडत. बाईंनी एकदा वर्गात विचारलं, परकर उंदराने कुरतडला का. मी घरी येऊन रडले. आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, “सांग त्यांना, हरभऱ्यानं खाल्ला म्हणावं. आधी हरभऱ्यानं आमचे कपडे खायचे, मंग आम्ही हरभरा खायचा.” दादा चुलीपाशी शेकत बसले होते, ते एवढे हसले की त्यांना ठसका लागला. दादा कमी बोलत, आणि ते हसत ते बहुतेक आईच्या बोलण्यावरच.

आईची बाटली चुलीच्या वरच्या देवळीत असे. जाड हिरवट काचेची, रुंद तोंडाची, तिला लाकडी बूच. ती आज्जीच्या वेळची. आई ती कधी रिकामी होऊ देत नसे. तळाला थोडी जुनी आंब राहिली की ती थांबे, मग कोणीही मागायला येवो, “आता नव्या सालाला,” म्हणे. नवी आंब त्या जुन्यावरच ओतायची. विरजणासारखं. जुनी आंब काळपट तांबूस झालेली असे, नवी फिकी. ओतली की दोन्ही थोडा वेळ वेगळ्या दिसत आणि मग एक होत. आम्ही समजत आलो की ही घराची रीत आहे, आज्जीपासूनची, कदाचित तिच्याही सासूपासूनची.

आई श्रावणात गेली. आजारी म्हणावं असं फारसं नव्हतं. सकाळी गाईपाशी बसली आणि उठली नाही.

हा तिच्याशिवायचा पहिला हिवाळा. मी रजा टाकून पौष लागता लागता शेतावर गेले. वर वर बघितलं तर सगळं जिथल्या तिथे होतं. सकाळी भावजय तुराट्या घालून चुलाण पेटवायची, पाणी तापायचं, धूर पत्र्याखाली जमून अंगणात उतरायचा. भाऊ गव्हाला पाणी देऊन आलेला, डोक्याला मफलर गुंडाळून चहाची वाट बघत बसलेला. कपाशीची शेवटची वेचणी चालली होती. तूर कापून अंगणाच्या कडेला पेंढ्या रचल्या होत्या, त्यांचा कोरडा गोडसर वास येई. दुपारी गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून ऊन घेत बसलं की समोर हरभरा दिसायचा, फुलं सरून घाटे धरलेला. सगळं मला बघायला मिळालं. फक्त दर वेळी पुढची गोष्ट सांगायला मान वळवावी तर तिथे कोणी नसे.

दादा जेवत नव्हते. ताटावर बसत, भाकरीचा कोर मोडत, आणि थोड्या वेळाने हात धुवायला उठत. विचारलं तर, “पोट बराबर न्हाई.” पूर्वीपासूनच त्यांचं पोट नाजूक, आणि गेली कित्येक वर्षं हिवाळाभर जेवणावर आंब घेतल्याशिवाय त्यांना बरं वाटत नसे. भोकरदनच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या उशाशी तशाच पडून होत्या.

देवळीत बाटली होती. तिच्या तळाला बोटभर आंब होती, आईने गेल्या हिवाळ्यात काढलेली. सुतक फिटल्यावर बायकांनी घर धुऊन काढलं, साठवणीचं पाणी ओतून दिलं, मडकी बाहेर केली, तेव्हा भावजयीने ती बाटली पदराखाली घेऊन गोठ्यात नेऊन ठेवली होती. ते तिने मला पहिल्याच दिवशी हळू आवाजात सांगितलं. मी म्हटलं, “मग दादांना दे की त्यातली.”

“देतच होते ना ताई. वाटीत काढायला गेले तर हात धरला माझा. म्हणले, ठेव.”

“मग नवी काढू आपण.”

ती चुलीतल्या राखेकडे बघत राहिली. “नवी कुठून काढता? औंदा सगळा हरभरा फवारला.”

घडलं होतं ते असं. हरभरा फुलावर आला की घाटेअळीसाठी फवारावं लागतं, आणि औषध पडलेल्या पिकावरची आंब घेता येत नाही. म्हणून आई दर वर्षी विहिरीकडची एक पट्टी बिनफवाऱ्याची ठेवायची. त्या पट्टीच्या कडेने ती तुराट्या रोवायची आणि त्यांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधायची. फवारणीला येणारा माणूस ठरलेला होता. चिंध्या दिसल्या की तो पंप बंद करून वळायचा. ह्या वर्षी चिंध्या बांधायचं कोणाच्या ध्यानातच आलं नाही. ते आईचंच काम होतं, आणि ती ते कधी करायची हे कोणी बघत नसे. भाऊ त्या दिवशी मोटारीचं सामान आणायला भोकरदनला गेला होता. तो परत आला तेव्हा माणूस पंप धूत होता. भावाने विचारलं, विहिरीकडचं राहू दिलं ना? तो म्हणाला, “चिंध्या दिसल्या न्हाईत, मंग मारत गेलो.” त्याच्यावर तरी कसं रागवायचं?

भावाला त्याचं फार लागलं होतं. तो माझ्याशी त्याबद्दल एकदाच बोलला, तेही पाठमोरा, बैलाच्या पुढ्यात कडबा टाकताना. “ताई, मी चार चिंध्या बांधल्या असत्या तर? काय खर्चा होता त्याला?”

“दादा काही म्हणाले?”

“म्हणले असते तर बरं झालं असतं. वावरात जाऊन उभे राह्यले अन् परत आले.”

दुसऱ्याच्या शेतातली आंब आणायची तर त्याला आमच्याकडे एक अडचण आहे. कोणाच्या बाटलीतली चमचाभर आंब मागायला कोणालाही जाता येतं. पण ‘तुमच्या वावरात आंब काढू का’ असं विचारायचं नसतं. मागून नेली तर त्या वावरातल्या हरभऱ्याची चव जाते, तो फिका निघतो, असं मानतात. मालकाने आपण होऊन म्हणायला हवं. आई असताना ही अडचण आम्हाला कधी पडलीच नाही. आता पडली, तर शेजारपाजारच्या साऱ्यांनी फवारलेलं. आणि दादांचं तर सरळच म्हणणं होतं: दुसऱ्या वावरातली आंब तिच्या आंबेत घालायची नाही. तिची ते पीतही नव्हते आणि वर दुसरी ओतूही देत नव्हते. ती बोटभर आंब देवळीत होती आणि दादा दिवसेंदिवस वाळत होते. मला आईच्या जाण्यापेक्षाही त्या दिवसांत ह्याची जास्त भीती वाटत होती.

संक्रांतीला आमच्या घरी सण नव्हता. माणूस गेलेल्या घरात वर्षभर कढई चढवत नाहीत. सणाचं नातेवाइकांनी आणायचं. भोगीच्या दिवशीच, ऊन अंगणात यायच्या सुमाराला, टेंभुर्णीची आत्या आली. आत्या म्हणजे दादांची धाकटी बहीण. समोरचे दात पडलेले, हातात पितळी डबा, आणि बोलणं फाटकापासूनच सुरू.

“काहून ग, कोणीच न्हाई का घरात? का मला बघून लपून राह्यले?”

भावजय लगबगीने पाणी घेऊन गेली. आत्याने पाय धुतले, दादांच्या समोर बसली, आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून थोडा वेळ रडली. मग पदराने डोळे पुसून डबा उघडला. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, भोगीची भाजी, तिळाच्या वड्या. आम्ही सगळे तिथेच अंगणात जेवायला बसलो. दादांनी भाकरीचा तुकडा घेतला, भाजीत बुडवला, आणि तो तुकडाच बराच वेळ त्यांच्या हातात राहिला.

आत्या म्हणाली, “दादा, चिमणीला टाकून राह्यला का खाऊन राह्यला?”

“पोट बराबर न्हाई.”

“मंग आंब घे.”

भावजयीने माझ्याकडे बघितलं, मी ताटाकडे. मग भावजयीनेच सुरुवात केली. तिला वाटलं ती फार सांभाळून बोलते आहे.

“आत्याबाई, औंदा तुमच्याकडं दहिवर लई पडून राह्यलं म्हणत्यात.”

“पडतं की. थंडीत दहिवर पडणार न्हाई तर काय गारा पडतील?”

“अन् हरभरा कसा काय?”

“झकास हाय.”

“फवारला असंल की तुम्ही बी.”

“न्हाई फवारला. वावरात जागोजाग काटक्या रोवल्या, त्यांच्यावर पाखरं बसून आळ्या खात्यात. पोरगं म्हणलं, ह्या साली बघू असंच.”

“बिलकुलच न्हाई फवारला?”

आत्या हातातला घास खाली ठेवून हसायला लागली. “पोरी, माझ्या वावराच्या बांधापर्यंत आलीस. आता आत पाय टाकायचा तेवढा राह्यला. मागायचं न्हाई म्हणून एवढी फिरून फिरून चालली का तू?”

भावजय लाजून उठून आत गेली. भाऊ हसला. मीही हसले. दादा मात्र म्हणाले, “आम्हाला नगं. बाटलीत हाय अजून.”

“हाय तर पी की.”

“न्हाई.”

“मंग कशाला ठेवली? लोणचं घालतो का तिचं?”

मग मीच आत्याला सांगितलं की आईची आंब बोटभरच उरली आहे, ती रिकामी होऊ द्यायची नसते, आणि दादांना तिच्यात दुसऱ्या वावरातली मिसळायची नाही. आज्जीपासूनची रीत आहे, जुन्यावर आपली नवी घालायची.

“आज्जीपासूनची?” आत्या माझ्याकडे बघत राहिली. “माझ्या मायीपासूनची? कोण म्हणलं तुला?”

“आई असंच करायची.”

“करायची ना. पण माझी माय न्हवती करत. माझी माय दर साली बाटली राखेनं घासायची, उन्हात उपडी घालायची, मंग नवी भरायची. जुन्याचा टिपूस ठेवायची न्हाई. मीच घासायची ना ती बाटली, मला ठाऊक न्हाई होय?”

आत्याने भाकरी पुन्हा हातात घेतली आणि बोलता बोलता ती मोडू लागली.

“माय गेली त्या साली मी अशीच संक्रांतीचं घेऊन आल्ते. तव्हा तुम्ही गावातल्या घरात. वहिनी ती बाटली मांडीवर घेऊन बसल्ती. मायीच्या हातची उरल्ती तळाला. मी म्हणलं, वहिनी, घासा की, नवी भरायची ना? तर म्हणती, वन्सं, त्यांच्या हातची हाय, फेकू कशी? पीत बी न्हवती अन् फेकत बी न्हवती. सासू जिवंत होती तव्हा दोघींचं एक दिवस जमलं न्हाई, अन् आता ही बाटली धरून बसली. मला हसू आलं अन् रडू बी आलं. मंग मी म्हणलं, वरून नवी वता अन् मोकळ्या व्हा. तव्हापासून सुरू केलं तिनं ते. रीत कसली त्यात.”

अंगणात कोंबड्या तिळाचे दाणे टिपत होत्या. इतकी वर्षं त्या बाटलीकडे बघणाऱ्या आईचा चेहरा मी आठवू लागले. ती कधी काही बोलली नव्हती. आज्जीचं नाव काढलं की उलट नाकच मुरडायची.

दादा म्हणाले, “मी म्हणलं होतं तिला. घास म्हणून.”

“मंग?”

“न्हाई ऐकलं.”

“तुझं कधी ऐकलं होतं तिनं?”

ह्यावर दादांच्या तोंडावर काहीतरी हललं. हसू म्हणता येणार नाही, पण श्रावणापासून तेवढंही नव्हतं. त्यांनी हातातला घास खाल्ला.

आत्या हात धुऊन उठली तेव्हा तिने सगळं ठरवून टाकलं होतं. दुःखातल्या माणसाला बहिणीने आपल्या घरी नेऊन जेवू घालायचं असतं. दादांचं ते जेवण अजून राहिलंच होतं. उद्या टेंभुर्णीला चलायचं. मग ती आतल्या दाराशी जाऊन मोठ्याने म्हणाली, “अन् ऐकतीस का ग पोरी? माझ्या वावरात या अन् आंब काढून न्या. म्हणलं बघ माझ्या तोंडानं. आता तरी बाहेर ये, चहा टाक.”

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. भाऊ आणि भावजय गुरांमुळे राहणार होते. भावजयीने पेटीतून ते धोतराचं कापड काढून माझ्या पिशवीत घातलं. बाटलीबद्दल मी काही बोलले नाही. वाटलं, आत्याकडून बरणीत भरून आणू, पुढचं पुढे. दादा टोपी घालून बाहेर आले, फाटकापर्यंत गेले, आणि परत घरात शिरले. आले तेव्हा त्यांच्या हातात वायरची पिशवी होती. तिच्यात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी उभं होतं. आत्याने मला कोपराने डिवचलं आणि दुसरीकडे बघत चालू लागली.

बसमध्ये दादांनी पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. शेजारच्या बाकावर फेटेवाले एक म्हातारे होते. त्यांना राहवेना. “काय बाबा, मध हाय का?”

“आंब.”

“अरे वा. हरभऱ्याची? मंग धरा बराबर. रस्ता जाफराबादपस्तोर असाच हाय.” आणि त्यांनी त्यांच्या आजोबांनी आंबेवर कशी आख्खी लग्नाची पंगत पचवली ती गोष्ट सुरू केली. दादा ऐकत होते, मधून “असं?” म्हणत होते. गाडी खड्ड्यात गेली की दोघेही आधी पिशवीकडे बघत.

आत्याचं घर वावराला लागूनच आहे. पहाटे उठले तेव्हा अंगणात दादा आधीच बसलेले, कानाला उपरणं बांधून. आम्ही तिघं निघालो. उजाडत होतं. हरभरा पांढराधोट दिसत होता, काटक्यांवर साळुंक्या अंग फुगवून बसल्या होत्या. आत्याने कापडाचं एक टोक धरलं, दुसरं मी.

“हळू,” ती म्हणाली. “शेंडे तोडायचे न्हाईत. पुस्तकाचं पान उलटून राह्यलीस असं समज.”

मी एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच हे काम नीट लक्ष देऊन केलं. लहानपणी मी केवळ कापड धरलं होतं. आता हाताला कळत होतं की कापड पिकाला कुठे टेकतं, कुठे सुटतं. ते जसं भिजत जाई तसं मनगटाला ओढत होतं. पायांची आग होऊ लागली. मी चपला बांधावरच काढून आले होते. आत्याही अनवाणीच होती आणि तिला काही वाटत असल्याचं दिसत नव्हतं.

सरीच्या टोकाला दादा उभे होते. आम्ही कापड पिळलं. आंब वाटीत धारेने पडली. आत्याने थोडी त्यांच्या तळहातावर दिली. त्यांनी ती चाटली आणि डोळे मिटले.

“कशी हाय?” आत्याने विचारलं.

“आंबट हाय.”

“मंग काय गोड असती?”

“तिची जास्त आंबट राह्यची.”

“तिचं सगळंच जास्त राह्यचं. आण ती बाटली.”

दादांनी टॉवेल सोडला. बूच त्यांनी स्वतः काढलं. आत्या वाटी पुढे करून थांबली, तर त्यांनी वाटी तिच्या हातातून घेतली. बाटली बांधाच्या दगडावर ठेवून ते उकिडवे बसले, आणि एका हाताने बाटली धरून दुसऱ्या हाताने ओतू लागले. मी तोंडाशी गाळणी धरली. तळाचा तांबूस रंग वर उठला, थोडा वेळ धुरासारखा फिरला. आम्ही पुन्हा सरीत गेलो. परत आलो, पिळलं, पुन्हा गेलो. बाटली गळ्यापर्यंत भरायला ऊन चांगलं वर आलं. दहिवर संपलं तेव्हाच थांबलो.

त्या दुपारी आत्याच्या हातची पिठलं-भाकरी दादांनी खाल्ली आणि वर आंब घेतली. आत्या बघत होती, पण तिने टोमणा मारला नाही. दोन दिवस राहून आम्ही परत आलो.

मी निघायच्या आदल्या दिवशी, दुपारी, पलीकडच्या मळ्यातली सून आली. नवीच लग्न होऊन आलेली मुलगी. दाराशी उभी राहून ती चुळबुळत होती. सगळा हिवाळाभर आमच्याकडे कोणी आंब मागायला आलं नव्हतं. माणसं जाणून असतात. ही नवी म्हणून आली असेल, किंवा घरातल्यांनी तिलाच पुढे केलं असेल.

“काकू, सासऱ्यांचं पोट दुखून राह्यलंय सकाळपासून. थोडीशी आंब हाय का?”

भावजयीने देवळीकडे बघितलं आणि मग अंगणात दोरी वळत बसलेल्या दादांकडे. तिचा हात अर्ध्यावर थांबला होता.

“दे की,” दादा म्हणाले. “माझ्याकडं काय बघती?”

भावजयीने वाटीत आंब काढली. मुलगी वाटी झाकून निघाली, तोच दादांनी तिला थांबवलं.

“ए पोरी, वाटी कशाची हाय? स्टीलची? घरी गेली की जल्दी काचेत काढ. अन् उपाशीपोटी देऊ नको. आधी घासभर भाकर. मंग एक चमचा, पेलाभर पाण्यात, नुसती न्हाई द्यायची, दात आंबत्यात. वरून लगेच दूध प्यायचं न्हाई. म्हातारा दूध मागंल, ऐकायचं न्हाई त्याचं. अन् घेतल्यावर आडवं पडू देऊ नको, अंगणात चालव थोडं.”

शब्द न् शब्द आईचा होता. भाऊ गोठ्याच्या दारात येऊन उभा राहिला. मुलगी मान डोलवत होती आणि दादा, दोरी मांडीवर तशीच टाकून, अजून सांगतच होते.